नावाने थांबवताना : प्रोसेस, सिग्नल आणि कमांड लाइनविषयी वाचकांचे प्रश्न

चालू असलेली प्रोसेस (म्हणजे प्रत्यक्ष चालणारा प्रोग्राम) कमांड लाइनवरून तिच्या नावाने कशी थांबवावी, या विषयावर आलेल्या पत्रांतील काही निवडक पत्रांना या वेळी उत्तरे दिली आहेत. सदराच्या रीतीप्रमाणे कमांड देवनागरीत छापल्या आहेत. टर्मिनलवर त्या रोमन लिपीत आणि लिनक्ससाठी लहान अक्षरांत लिहाव्यात. ‘पीकिल’ आणि ‘पीग्रेप’ ही नावे ‘किल’ आणि ‘ग्रेप’ या नावांआधी पी हे अक्षर जोडून, मध्ये जागा न सोडता लिहायची आहेत. केवळ सिग्नलांची नावे, उदाहरणार्थ ‘आयएनटी’ किंवा ‘स्टॉप’, मोठ्या अक्षरांत लिहिण्याचा प्रघात आहे.

प्रश्न : आमच्या महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत लिनक्स आहे. गुणतक्त्याची फार मोठी फाइल उघडली की लिबरऑफिस गोठते आणि खिडकी बंद होत नाही. मी ‘किलऑल सॉफिस’ अशी कमांड दिली, तर अशी प्रोसेसच सापडली नाही, असे उत्तर आले. प्रोग्राम तर समोर चालू होता. माझे काय चुकले?
— प्रयोगशाळा सहायक, कराड

उत्तर : आपली कमांड बरोबर होती, नाव बरोबर नव्हते. मेनूत दिसणारे प्रोग्रामचे नाव, आपण तो सुरू करताना लिहितो ते नाव आणि कर्नेलने, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याने, त्या प्रोसेसच्या नोंदीत ठेवलेले नाव ही तीन नावे एकच असतात, असे आपण गृहीत धरतो. प्रत्यक्षात ती पुष्कळदा वेगळी असतात. लिबरऑफिस सुरू करणारी ‘सॉफिस’ ही एक छोटी स्क्रिप्ट आहे. ती आपले काम पुढच्या प्रोग्रामकडे सोपवून बाजूला होते, आणि गुणतक्ता ज्या प्रोसेसमध्ये उघडलेला असतो तिचे नाव ‘सॉफिस.बिन’ असे असते. लिनक्सवरील ‘किलऑल’ पूर्ण नाव जुळल्याशिवाय कोणत्याही प्रोसेसला हात लावत नाही, म्हणून तिला ‘सॉफिस’ नावाचे कोणी भेटले नाही. ‘पीकिल’ मात्र दिलेला शब्द नावात कोठेही आढळला तरी ते नाव जुळले असे मानते, त्यामुळे ‘पीकिल सॉफिस’ ही कमांड आपल्या कामी आली असती.

‘पीकिल’ अधिक सोयीची आहे, असा निष्कर्ष मात्र यावरून लगेच काढू नये. तिला दिलेला शब्द हा खरे तर रेग्युलर एक्स्प्रेशन, म्हणजे अक्षरे जुळवण्याचा नमुना, असतो, आणि तो लहान असेल तर त्याच्या जाळ्यात काय काय येईल याचा अंदाज अनुभवी माणसालाही येत नाही. ‘एसएच’ ही दोन अक्षरे देऊन पाहण्याचा मोह कोणालाही होऊ शकतो, कारण शेल स्क्रिप्ट थांबवायची असते. पण हीच दोन अक्षरे ‘बॅश’च्या रोमन नावात आहेत, दूरच्या संगणकावरून जोडणी घेणाऱ्या ‘एसएसएचडी’मध्ये आहेत आणि संपूर्ण डेस्कटॉप सांभाळणाऱ्या ‘ग्नोम-शेल’मध्येही आहेत. ती कमांड दिल्यानंतर पडद्यावर लॉगइनची चौकट आली, तर दोष संगणकाचा नसतो.

म्हणून मी प्रत्येकाला एकच सवय लावून घ्यायला सांगतो : ‘पीकिल’ लिहिण्याआधी तोच शब्द आणि तेच पर्याय ‘पीग्रेप’ला द्यावेत. दोन्ही कमांड एकाच पद्धतीने नावे जुळवतात. ‘पीकिल’ सिग्नल, म्हणजे प्रोसेसला द्यायची सूचना, पाठवते आणि ‘पीग्रेप’ केवळ यादी दाखवते. ‘पीग्रेप -एल सॉफिस’ असे लिहिले की प्रोसेसचा क्रमांक आणि नाव समोर येते, आणि ‘एल’ऐवजी ‘ए’ लिहिले तर ती प्रोसेस ज्या पूर्ण ओळीने सुरू झाली ती ओळ दिसते. यादीत अपेक्षेपेक्षा एक जरी ओळ जास्त असेल, तर पुढे जाऊ नये. पूर्ण नावच जुळायला हवे असेल तर ‘-एक्स’ हा पर्याय दोन्ही कमांडना चालतो.

आपल्या प्रयोगशाळेसाठी आणखी दोन गोष्टी सांगणे आवश्यक वाटते. लिबरऑफिसमध्ये एका वापरकर्त्याने उघडलेले सर्व दस्तऐवज, मग ते पत्र असो की तक्ता, साधारणपणे एकाच ‘सॉफिस.बिन’ प्रोसेसमध्ये असतात. गोठलेला गुणतक्ता बंद करताना त्याच विद्यार्थ्याचा न जतन केलेला प्रकल्प अहवालही बंद होईल, हे त्याला आधी सांगावे. दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. साधा वापरकर्ता फक्त स्वतःच्या प्रोसेसना सिग्नल पाठवू शकतो, पण कमांडआधी प्रशासकाचे अधिकार देणारे ‘सुडो’ लावले की ही मर्यादा राहत नाही. एकाच सर्व्हरवर वीस विद्यार्थी बसत असतील तर ‘सुडो पीकिल सॉफिस’ ही ओळ वीसही जणांचे काम एका क्षणात बंद करते. अशा वेळी ‘-यू’ या पर्यायापुढे त्या एका विद्यार्थ्याचे लॉगइन नाव द्यावे. बळाने बंद केल्यावर फाइलच्या फोल्डरमध्ये टिंबाने सुरू होणारी एक लपलेली लॉक फाइल मागे राहू शकते, आणि मग तोच तक्ता पुन्हा उघडताना तो आधीच उघडा असल्याचा इशारा येतो. संबंधित प्रोसेस खरोखर थांबली आहे याची खात्री केल्यानंतर ती लॉक फाइल काढून टाकण्यास हरकत नाही.

प्रश्न : माझे दोन पायथॉन प्रोग्राम एकाच वेळी चालू होते. एक हजेरीचा छोटा प्रोग्राम होता, दुसरा दोन दिवसांपासून प्रबंधाची आकडेमोड करत होता. हजेरीचा थांबवण्यासाठी मी ‘पीकिल पायथॉन3’ लिहिले आणि दोन्ही गेले. फक्त एकच थांबवण्याचा मार्ग होता का?
— संशोधक विद्यार्थिनी, पुणे

उत्तर : दोन दिवसांची आकडेमोड जाणे हे मोठे नुकसान आहे आणि आपल्याला झालेला त्रास मी समजू शकतो. पायथॉन, जावा, नोड यांसारख्या भाषांत लिहिलेला प्रोग्राम आपण ‘पायथॉन3 हजेरी.पीवाय’ अशा ओळीने सुरू करतो, तेव्हा कर्नेलच्या दृष्टीने चालणारा प्रोग्राम ‘पायथॉन3’ हाच असतो आणि ‘हजेरी.पीवाय’ हा त्याला दिलेला केवळ एक तपशील असतो. आपल्या दोन्ही कामांचे नोंदीतील नाव त्यामुळे अक्षरशः एकच होते. येथे ‘-एफ’ हा पर्याय लागतो. तो लावला की केवळ नावाशी नव्हे, तर सुरू करताना दिलेल्या पूर्ण ओळीशी शब्द जुळवून पाहिला जातो. ‘पीग्रेप -ए -एफ हजेरी’ ने आधी यादी पाहून नंतर ‘पीकिल -एफ हजेरी’ दिले असते, तर आकडेमोडीला धक्का लागला नसता. एकाच प्रोग्रामच्या दोन प्रती चालू असतील आणि नंतर सुरू केलेली थांबवायची असेल, तर ‘-एन’ हा पर्याय सर्वांत नवी आणि ‘-ओ’ सर्वांत जुनी प्रोसेस निवडतो. तेवढ्यानेही उलगडा झाला नाही, तर यादीतील क्रमांक घेऊन साधी ‘किल’ कमांड वापरावी. क्रमांकाने थांबवणे कमीपणाचे नाही. एका क्षणी एका क्रमांकाची एकच प्रोसेस असते, ही खात्री नावाला कधीच देता येत नाही.

‘-एफ’ बाबत एक सावधगिरी अवश्य बाळगावी, कारण तिच्यामुळे अनेकांचे तासन् तास गेले आहेत. ‘पीकिल’ स्वतःला यादीतून वगळते, पण जिने तिला बोलावले त्या स्क्रिप्टला वगळत नाही. समजा आपण ‘हजेरी-थांबवा’ नावाची स्क्रिप्ट लिहिली आणि तिच्यात ‘पीकिल -एफ हजेरी’ ही ओळ घातली, तर त्या स्क्रिप्टच्या स्वतःच्या ओळीतही ‘हजेरी’ हा शब्द आहे. ती आपला प्रोग्राम थांबवते आणि त्याच झटक्यात स्वतःही थांबते, त्यामुळे तिच्यातील पुढच्या ओळी कधीच चालत नाहीत. दूरच्या संगणकावर एकाच अवतरणात अनेक कमांड एकत्र पाठवतानाही हेच घडते. स्क्रिप्टच्या बाबतीत उपाय साधा आहे : थांबवणाऱ्या स्क्रिप्टचे नाव अगदी वेगळे ठेवावे आणि जुळवण्याचा शब्द फाइलच्या पूर्ण मार्गासह द्यावा, मात्र प्रोग्रामही तसाच पूर्ण मार्ग लिहून सुरू केलेला असला पाहिजे.

पायथॉनसाठी कोणता सिग्नल पाठवावा, हेही पाहण्यासारखे आहे. ‘पीकिल’ काही सांगितले नाही तर ‘टर्म’ हा सिग्नल पाठवते, आणि पायथॉनमध्ये त्यासाठी वेगळी व्यवस्था लिहिलेली नसेल तर प्रोग्राम तेथल्या तेथे संपतो. ‘फायनली’च्या भागात लिहिलेली आवराआवरही होत नाही. त्याऐवजी ‘पीकिल -आयएनटी -एफ हजेरी’ दिले, तर कंट्रोल आणि सी दाबल्यासारखा परिणाम होतो, प्रोग्रामला कीबोर्ड इंटरप्टचा अपवाद मिळतो आणि तो फाइली नीट बंद करून बाहेर पडू शकतो. स्क्रिप्टमधून पार्श्वभूमीत सुरू केलेला प्रोग्राम मात्र हा सिग्नल दुर्लक्षितो.

आणि पुढच्या वेळी दीर्घ आकडेमोड चालू असताना संगणक मोकळा हवा असेल, तर ती मारण्याची गरजच नाही. ‘-स्टॉप’ पाठवल्यावर प्रोसेस आहे त्या जागी थांबते, ‘-कॉन्ट’ पाठवल्यावर तेथूनच पुढे चालू लागते. तिने घेतलेली मेमरी तेवढी अडकून राहते, प्रोसेसरवरचा भार मात्र पूर्ण उतरतो.

प्रश्न : आमच्या पतसंस्थेचा डेटाबेस पोस्टग्रेस्क्यूएलवर आहे. देखभालीसाठी येणारे गृहस्थ प्रत्येक अडचणीत ‘-9’ लावून प्रोसेस मारतात आणि तोच खात्रीचा उपाय असल्याचे सांगतात. हे योग्य आहे का?
— लेखापाल, सांगली

उत्तर : नाही, आणि डेटाबेसच्या बाबतीत तर मुळीच नाही. ‘किल’ या नावामुळे पहिल्यापासून एक गैरसमज झालेला आहे. ही कमांड प्रोसेसला मारत नाही, ती सिग्नल पाठवते. त्या सिग्नलचे काय करायचे हे बहुतेक वेळा ती प्रोसेस ठरवते. क्रमांक न देता पाठवला जाणारा ‘टर्म’, म्हणजे 15 क्रमांकाचा सिग्नल, ही थांबण्याची विनंती आहे. ती मिळाल्यावर चांगला लिहिलेला प्रोग्राम हातातले लेखन पूर्ण करतो, तात्पुरत्या फाइली काढतो, जोडण्या सोडतो आणि मग थांबतो. 1 क्रमांकाचा ‘हँगअप’ हा टेलिफोनच्या तारेवरून टर्मिनल जोडले जात असतानाच्या काळातला, तार तुटल्याची सूचना देणारा. आज कित्येक सर्व्हर तो मिळाल्यावर आपली सेटिंग पुन्हा वाचतात. 9 क्रमांकाचा ‘किल’ या सर्वांहून वेगळा आहे, कारण तो प्रोसेसपर्यंत पोचतच नाही. प्रोसेसला तो अडवता येत नाही, टाळता येत नाही, त्याच्यावर उत्तर देता येत नाही. कर्नेल तिला परस्पर काढून टाकते. तो ‘खात्रीचा’ वाटतो याचे कारण हेच, आणि तो घातक आहे याचे कारणही हेच.

पोस्टग्रेस्क्यूएलमध्ये एक मुख्य प्रोसेस असते आणि प्रत्येक जोडणीसाठी तिने जन्माला घातलेली एक स्वतंत्र प्रोसेस असते. लिनक्सवर या सर्वांचे नाव ‘पोस्टग्रेस’ असेच असते. त्या सर्व जणी एक सामायिक मेमरी वापरतात. यांतील एखादी जोडणी अडकली म्हणून तिला 9 क्रमांकाने मारले, तर सामायिक मेमरी बिघडलेली असू शकते असे मुख्य प्रोसेस धरून चालते, आणि सुरक्षिततेसाठी बाकीच्या सर्व जोडण्या तोडून संपूर्ण व्यवस्था नव्याने उभी करते. खिडकीवर रक्कम भरून घेणाऱ्या प्रत्येक कर्मचाऱ्याचे अपुरे काम त्या क्षणी रद्द होते. मुख्य प्रोसेसलाच 9 क्रमांकाने मारले, तर तिला सामायिक मेमरी सोडण्याचीही संधी मिळत नाही. तसे करू नये, असा स्पष्ट इशारा या डेटाबेसच्या अधिकृत दस्तऐवजात दिलेला आहे. पूर्ण झालेले व्यवहार आधीच नोंदवहीत उतरलेले असल्यामुळे ते पुन्हा सुरू होताना परत मिळतात, ही त्या रचनेची थोरवी आहे. तिच्यावर रोज भार टाकणे योग्य नाही.

मुख्य प्रोसेसला ‘टर्म’ दिला तर ती नव्या जोडण्या घेणे बंद करते आणि जुन्या आपापल्या परीने संपण्याची वाट पाहते. ‘आयएनटी’ दिला तर चालू व्यवहार रद्द करून व्यवस्थित बंद होते. ‘क्विट’ दिला तर ती तत्काळ बंद होते आणि पुढच्या वेळी सुरू होताना तिला दुरुस्तीची फेरी करावी लागते. एकच अडकलेली जोडणी सोडवायची असेल, तर डेटाबेसच्या आतून ‘पीजी_टर्मिनेट_बॅकएंड’ या फंक्शनला तिचा क्रमांक द्यावा. संपूर्ण सर्व्हर बंद करायचा असेल तर ‘सिस्टिमसीटीएल स्टॉप’ किंवा ‘पीजी_सीटीएल स्टॉप’ वापरावे. ‘पीकिल पोस्टग्रेस’ हा यांपैकी कशालाही पर्याय नाही, मग क्रमांक कोणताही असो.

आपल्याकडे येणाऱ्या गृहस्थांना हे उत्तर जरूर दाखवावे.

प्रश्न : एक सेवा मी ‘पीकिल’ने थांबवतो, पण काही सेकंदांत ती नव्या क्रमांकाने परत चालू होते. विशेष म्हणजे एका दुसऱ्या सेवेबाबत साध्या ‘पीकिल’ने ती थांबते, पण ‘-9’ लावले तर परत येते! हे उलटे कसे?
— नेटवर्क तंत्रज्ञ, नाशिक

उत्तर : या दोन्ही सेवांवर सिस्टिमडीची, म्हणजे लिनक्सवर सेवा सुरू करणाऱ्या आणि सांभाळणाऱ्या प्रोग्रामची, देखरेख आहे. प्रत्येक सेवेच्या फाइलमध्ये ‘रीस्टार्ट’ ही ओळ असू शकते. तिची किंमत ‘ऑल्वेज’ असेल, तर सेवा कशीही थांबली तरी ती पुन्हा उभी केली जाते. ती ‘ऑन-फेल्युअर’ असेल, तर केवळ बिघाडाने थांबल्यास पुन्हा उभी केली जाते. आणि ‘टर्म’ने थांबणे हे सिस्टिमडी व्यवस्थित थांबणे मानते, तर 9 क्रमांकाने जाणे हा बिघाड मानते. आपल्या दुसऱ्या सेवेचे कोडे त्यात उलगडते. प्रोसेस कोणत्या सेवेची आहे हे ‘सिस्टिमसीटीएल स्टेटस’पुढे तिचा क्रमांक लिहून कळते. त्यानंतर त्या सेवेच्या नावाने ‘सिस्टिमसीटीएल स्टॉप’ द्यावे. ही कमांडही आधी ‘टर्म’च पाठवते आणि, सेटिंग बदललेली नसेल तर, साधारणपणे 90 सेकंद वाट पाहून मगच 9 क्रमांकाकडे वळते.

प्रश्न : ‘-9’ लावूनही न मरणारी प्रोसेस असते का? माझ्या संगणकावर अशा दोन आहेत.
— निवृत्त अभियंता, ठाणे

उत्तर : असते, आणि तिचे दोन अगदी भिन्न प्रकार आहेत. ‘पीएस ऑक्स’ या यादीतील स्थितीच्या स्तंभात झेड हे अक्षर असेल, तर ती प्रोसेस आधीच संपलेली आहे. तिच्या जनक प्रोसेसने तिचा निकाल अजून वाचलेला नाही म्हणून केवळ नोंद उरली आहे. मेलेल्याला पुन्हा मारता येत नाही. ती नोंद मेमरी अडवत नाही, आणि जनक प्रोसेस थांबवली की ती आपोआप पुसली जाते. त्याच स्तंभात डी असेल, तर प्रोसेस कर्नेलच्या आत, बहुधा डिस्कच्या उत्तराची वाट पाहत, अशा ठिकाणी उभी आहे की तेथून बाहेर येईपर्यंत तिला कोणताही सिग्नल लागू होत नाही. तेव्हा प्रोसेसकडे नव्हे, उपकरणाकडे पाहावे : पेन ड्राइव्ह मध्येच काढला आहे का, केबल सैल आहे का, हार्ड डिस्क निकामी होत चालली आहे का. डी स्थिती वारंवार दिसत असेल, तर सर्वप्रथम माहितीची प्रत दुसरीकडे काढून ठेवावी.

प्रश्न : दुकानात विंडोज आहे. बिलिंगचा प्रोग्राम अहवाल काढताना एक्सेल उघडतो आणि नंतर ते पडद्याआड चालूच राहते. दिवसाखेर अशा दहा-बारा प्रोसेस साचतात. ‘टास्ककिल’ने सर्व काढल्या, तर मी स्वतः उघडलेली खतावणीही बंद होते.
— घाऊक व्यापारी, कोल्हापूर

उत्तर : नाव सर्वांचे एकच असल्यामुळे येथेही नावाखेरीज दुसरी खूण शोधावी लागते, आणि ती सुदैवाने उपलब्ध आहे : पडद्याआडच्या एक्सेलला खिडकीचे शीर्षक नसते. कमांड प्रॉम्प्टवर ‘टास्कलिस्ट’ या कमांडला ‘/व्ही’ हा पर्याय आणि ‘/एफआय’पुढे अवतरणात ‘इमेजनेम ईक्यू एक्सेल.ईएक्सई’ ही चाळणी द्यावी. यादीच्या शेवटच्या स्तंभात आपल्या खतावणीपुढे तिचे शीर्षक दिसेल, आणि साचलेल्या प्रोसेसपुढे शीर्षक उपलब्ध नसल्याची खूण दिसेल. त्यांचे क्रमांक टिपून ‘टास्ककिल /एफ /पीआयडी’पुढे एकेक द्यावा. अहवाल निघत असताना मात्र हे करू नये, कारण कामात असलेल्या एक्सेललाही तेव्हा शीर्षक नसते.

‘/एफ’ शिवाय दिलेली ‘टास्ककिल’ प्रोग्रामच्या खिडकीला बंद होण्याचा निरोप देते, त्यामुळे न जतन केलेली फाइल असेल तर नेहमीचा प्रश्न विचारला जातो. खिडकी नसलेल्या प्रोसेसना हा निरोप देताच येत नाही आणि त्या केवळ बळाने थांबवता येतील, असे उत्तर येते. आपल्या साचलेल्या प्रोसेससाठी ‘/एफ’ म्हणूनच लागतो. खतावणी उघडी असताना तो नावासह वापरू नये, क्रमांकासहच वापरावा.

पॉवरशेल वापरत असाल, तर तेथील ‘स्टॉप-प्रोसेस -नेम’ या कमांडला नावापुढचे ‘.ईएक्सई’ लागत नाही, ‘टास्ककिल’ला ते लागते. ‘स्टॉप-प्रोसेस’ जतन करण्याविषयी न विचारताच प्रोसेस थांबवते, हे ध्यानात असावे. तिला ‘-व्हॉटइफ’ हा पर्याय जोडला, तर काहीही न थांबवता काय थांबले असते एवढेच ती सांगते. कायमचा उपाय बिलिंगचा प्रोग्राम लिहिणाऱ्यांच्या हातात आहे. अहवाल झाल्यावर एक्सेल बंद करण्याची व्यवस्था त्यांनी करायला हवी, आणि तशी मागणी आपण लेखी करावी.

प्रश्न : सोलारिसच्या जुन्या सर्व्हरवर ‘किलऑल’ वापरू नये असे ऐकले. खरे आहे का?
— प्रणाली प्रशासक, पणजी

उत्तर : पूर्ण खरे आहे. सोलारिस या युनिक्स प्रणालीवरील ‘किलऑल’ नावाने प्रोसेस शोधत नाही. संगणक बंद करतानाच्या प्रक्रियेत सर्व चालू प्रोसेस संपवण्यासाठी ती आहे. लिनक्सच्या सवयीने सर्वाधिकार असलेला मूळ वापरकर्ता (रूट) म्हणून ती दिली, तर सर्व्हर बसतो. तेथे ‘पीग्रेप’ आणि ‘पीकिल’ याच वापराव्यात; त्या मुळात 1998 सालच्या सोलारिस 7 मध्येच प्रथम आल्या आणि नंतर लिनक्सने स्वीकारल्या. मात्र तेथे ‘पीकिल’ला ‘-व्ही’ लावू नये. लिनक्सच्या ‘किलऑल’मध्ये ‘-व्ही’ म्हणजे काय केले ते सांगणे, तर ‘पीकिल’मध्ये त्याचा अर्थ न जुळणाऱ्या सर्व प्रोसेस निवडणे असा आहे. लिनक्सच्या ‘पीकिल’मध्ये हे लघुरूप याच धोक्यामुळे बंद करण्यात आले आहे.

प्रश्न : मी माझ्या शेल स्क्रिप्टना मराठी नावे देतो. ‘पगारपत्रक’ आणि ‘पगारपावती’ अशा दोन स्क्रिप्ट चालू असताना ‘पीकिल पगारपत्रक’ काहीच करत नाही. कमांड लाइनला देवनागरी चालत नाही का?
— नगरपरिषद कर्मचारी, सातारा जिल्हा

उत्तर : चालते, आणि आपण मराठी नावे वापरता याचा मला मनापासून आनंद वाटतो. अडचण लिपीची नसून लांबीची आहे. लिनक्सचे कर्नेल प्रोसेसच्या नावासाठी 15 बाइट एवढीच जागा ठेवते. रोमन अक्षराला एक बाइट लागतो, म्हणून त्यांना पंधरा अक्षरे मिळतात, आणि तीही कधी अपुरी पडतात. फायरफॉक्सच्या एका उपप्रोसेसचे ‘आयसोलेटेड वेब कन्टेन्ट’ हे नाव शेवटच्या शब्दाची दोनच अक्षरे दाखवून तुटलेले दिसते ते यामुळेच. देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला यूटीएफ-8 या अक्षरसंकेतनात तीन बाइट लागतात आणि काना, मात्रा, वेलांटी ही स्वतंत्र चिन्हे धरली जातात. म्हणजे आपल्याला मिळतात फक्त पाच चिन्हे : प, ग, काना, र, प. आपल्या दोन्ही स्क्रिप्टचे कर्नेलच्या नोंदीतील नाव ‘पगारप’ एवढेच उरते. पूर्ण नाव कशाशीच जुळत नाही, आणि ‘पीकिल पगारप’ दिले तर पत्रकासोबत पावतीही थांबते.

येथेही ‘-एफ’ हाच मार्ग आहे, कारण सुरू करतानाची ओळ तोडली जात नाही. ‘पीग्रेप -ए -एफ पगारपत्रक’ दिल्यावर आपल्याला नेमकी एकच प्रोसेस दिसायला हवी. यादीत अक्षरांऐवजी प्रश्नचिन्हे दिसली, तर टर्मिनलची भाषाविषयक सेटिंग यूटीएफ-8 आहे का ते पाहावे.

मराठीपुरती आणखी एक अडचण आहे आणि ती डोळ्यांना दिसत नाही. ‘कर्मचाऱ्यांची-यादी’ यासारख्या नावातील अर्धा र काही कीबोर्डवर ऱ या स्वतंत्र अक्षरापासून तयार होतो, तर काहींवर साध्या र नंतर हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह येते. पडद्यावर दोन्ही सारखीच दिसतात, पण त्यांचे बाइट वेगळे असतात. कार्यालयातील संगणकावर नाव दिलेली स्क्रिप्ट घरच्या कीबोर्डवरून त्याच नावाने शोधली, तर ती न सापडण्याची शक्यता असते. अशा वेळी नाव हाताने लिहू नये. स्क्रिप्टच्या फोल्डरमध्ये जाऊन पहिली दोन अक्षरे लिहावीत आणि टॅब दाबून शेलला ते पूर्ण करू द्यावे, म्हणजे फाइलच्या नावात जे बाइट आहेत तेच कमांडमध्ये येतात.